शुगरची गोळी, गुडघ्याची पुडी आणि चार दिवसांत बसलेली किडनी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आठवड्यातनं एकदा तरी हा प्रश्न येतोच, "ताई, शुगरची ती मेटफॉर्मिन खाऊन किडनी जाते म्हणे, खरं का?" आणि विचारणारा माणूस प्रश्न संपायच्या आत पुढे म्हणतो, "बरं ते जाऊ द्या, ती गुडघ्याची गोळी द्या एक स्ट्रिप, मागच्या वेळेला नेलेली ती." म्हणजे जिच्यामुळे किडनीला सहसा काही होत नाही तिला घाबरून माणूस ती अर्धी तोडून खातो, आणि जिच्यामुळे खरंच होऊ शकतं ती शेंगदाण्यासारखी खिशात घेऊन फिरतो. व्हॉट्सॲपवर मेटफॉर्मिनच्या नावाने शंख करणारे मेसेज ढिगाने आहेत, गुडघ्याच्या गोळीतल्या डायक्लोफिनॅकच्या नावाने मला अजून एकही आलेला नाही.

मी फलटणची. बी.फार्म झाले, लग्न होऊन आले ते थेट सासरच्या मेडिकलमध्येच उभी राहिले, त्यामुळे शुगरचे पेशंट काय खातात, काय चुकवतात, काय लपवतात हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहिती असतं. आज लिहायला बसले ते आमच्या अण्णांमुळे, म्हणजे सासरे. त्यांनी परवानगी दिलीय, फक्त "माझा फोटो टाकू नको" एवढीच अट.

शुगरवाल्यांची किडनी हळूहळू जाते हे आता सगळ्यांना पाठ झालंय. दहा-पंधरा वर्षं शुगर वर राहिली की लघवीतून प्रोटीन जायला लागतं, मग क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) चढतं, मग पाय सुजतात वगैरे. पण दुसरा एक प्रकार आहे तो कुणाच्या डोक्यातच नसतो, कालपर्यंत बरी चाललेली किडनी दोन-चार दिवसांत बसते. डॉक्टर त्याला ॲक्युट किडनी इंज्युरी म्हणतात, एकेआय. त्याची व्याख्यासुद्धा बघा किती बारीक आहे, क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा आठवड्याभरात तुमच्या नेहमीच्या आकड्याच्या दीडपट झालं, तरी ते एकेआय. म्हणजे ज्याचं नेहमी ०.८ असतं त्याचं १.२ आलं तर लॅबच्या रिपोर्टवर स्टारसुद्धा पडत नाही, कारण बऱ्याच लॅबच्या नॉर्मल रेंजमध्ये ते बसतं, पण त्या माणसापुरतं ते नॉर्मल नाही. मागचा आकडा माहिती असेल तरच कळतं. आणि मागचा आकडा कुणाकडेच नसतो, फाईल कपाटात, कपाटाची किल्ली कुणाकडे हे शोधेपर्यंत ॲडमिशन होऊन जातं.

आता अण्णांचं. वय पासष्टच्या पुढे, शुगर खूप वर्षांची, बीपी आहे. गोळ्या सांगते म्हणजे पुढचं कळेल: मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, डापाग्लिफ्लोझिन, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन, त्यातच पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड. क्रिएटिनिन १.३ च्या आसपास असायचं, डॉक्टर म्हणायचे थोडं वर आहे, लक्ष ठेवू. एकदम शिस्तीचे पेशंट. जेवण चुकेल पण गोळी चुकणार नाही. आणि याच शिस्तीने घोळ घातला.

माऊलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. अण्णा पूर्ण वारी करत नाहीत आता, पण लोणंदपासून फलटणपर्यंत चालतात, वाटेत चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघायचं असतं ना. त्या वर्षी पाऊस ओढला होता आणि ऊन असं की रस्त्याचा डांबर पायाला चिकटावा. पहिल्याच टप्प्यात गुडघा धरला. वाटेत कुणीतरी पुडी दिली. पुडी म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीय, कागदात किंवा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत सुट्या गोळ्या, नाव नाही, एक्सपायरी नाही, "सकाळ-संध्याकाळ एक एक घ्या माऊली, पाय मोकळे होतील." घरी आल्यावर मी ती बघितली, एक डायक्लोफिनॅक, एक बारीक पांढरी होती ती दिसायला तरी स्टेरॉइडची, आणि एक पित्ताची. स्टेरॉइडने शुगर चढते ते वेगळंच. पाय मात्र मोकळे झाले होते, त्यात वाद नाही.

मग पोट बिघडलं. वारीत ते होतंच, पाणी कुठलं कुठलं पोटात जातं. जुलाब, दोन-तीन उलट्या, अन्न जाईना. दुकानात पालखीची गर्दी, आम्ही दोघं सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटरवर, आणि अण्णा वरच्या खोलीत पडून "काही नाही गं, पोट जरा बिघडलंय" म्हणणारे. सकाळच्या सगळ्या गोळ्या मात्र वेळेवर. गुडघ्याची पुडीसुद्धा चालूच, कारण ती "औषधच आहे की."

इथे जरा थांबून किडनीत काय होतं ते सांगते, कारण हे कळलं की बाकीचं पाठ करायला लागत नाही. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या दोन किडन्यांना जातो. आत लाखो गाळण्या, आणि प्रत्येक गाळणीला एक आत येणारा नळ आणि एक बाहेर जाणारा नळ. गाळण चालायला मध्ये प्रेशर लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर स्वतःच सांभाळून घेतं, आत येणारा नळ जास्त उघडतं आणि बाहेरचा आवळतं, त्यामुळे कमी रक्तातही गाळण चालू राहतं. आता डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, सगळं हे दुखण्याच्या गोळ्यांचं खानदान, आत येणारा नळ उघडू देत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल बाहेरचा नळ सैल ठेवतात, एरवी हे चांगलंच असतं, गाळणीवरचा ताण कमी होतो म्हणून तर शुगरवाल्यांना ती देतात. आणि पाणी काढणारी गोळी, जुलाब, ऊन, हे सगळे मिळून टाकीच रिकामी करतात. आत नळ बंद, बाहेर नळ सैल, टाकीत पाणी नाही. गाळणार काय? या तीन औषधांच्या जोडीला डॉक्टर लोकांत तिहेरी तडाखाच म्हणतात. एकेकटी औषधं वर्षानुवर्षं चालतात, तिन्ही एकत्र आणि वर गॅस्ट्रो, मग दोन दिवस पुरतात. शुगर नसलेल्या माणसालाही हे होऊ शकतं, पण शुगरवाल्याच्या गाळण्या आधीच झिजलेल्या, सांभाळून घ्यायची ताकद कमी.

डापाग्लिफ्लोझिनचं वेगळं सांगायला पाहिजे. हे आणि एम्पाग्लिफ्लोझिन, या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि साखरेबरोबर थोडं पाणीही जातं. लांबच्या पल्ल्यात किडनी वाचवायला यांच्याइतकी चांगली गोष्ट गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, मोठमोठ्या ट्रायल्समध्ये ते दिसलंय, आणि २०२० मध्ये डापाचं मूळ पेटंट संपलं, २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाचं, त्यानंतर भाव असे पडले की आता एकाआड एक चिठ्ठीवर असतात. म्हणून कृपा करून हे वाचून कुणी बंद करू नका. पण माणूस जेवत नाही, उलट्या होतायत, अशा वेळी याच गोळीने रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लाचे पदार्थ) वाढून रक्त आम्ल होऊ शकतं, आणि तेही शुगर फार वर नसताना, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून कुणाला शंकासुद्धा येत नाही.

शुगरवरून आठवलं. अण्णांची शुगर त्या दिवसांत ९०-१०० यायला लागली. एवढ्या वर्षांत कधी न आलेला आकडा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चालल्याने बघा कशी शुगर आली जागेवर!" अण्णाही खूश. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला, कारण इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा निचरा बऱ्यापैकी किडनीतून होतो, किडनी मंदावली की तेच औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. काही न करता शुगर अचानक उतरायला लागली, इन्सुलिन कमी लागायला लागलं, तर पेढे वाटायच्या आधी क्रिएटिनिन करून घ्या. त्याच रात्री अण्णांना दरदरून घाम, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, शुगर ४८. ग्लुकोज पाजलं, आले शुद्धीवर, पण मी विचारलं, "अण्णा, लघवीला कधी जाऊन आलात?" तर आठवेना. सकाळी थोडीशी झाली होती म्हणाले, चहासारखी. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली तरी व्हायला पाहिजे, म्हणजे सहा तासांत १८० मिली, एक पेलाभर. इथे अख्ख्या दिवसात तेवढी नव्हती.

रात्रीच रक्त दिलं, रिपोर्ट आला, क्रिएटिनिन ५.८, पोटॅशियम ६.४. गाडी काढली आणि पुण्याला.

पोटॅशियमबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्यात आपल्या सगळ्यांचा लाडका पदार्थ आहे, शहाळं. जुलाब झाले म्हटल्यावर जो येईल तो शहाळी घेऊन येत होता, आणि अण्णा बिचारे एकेक संपवत होते. धडधाकट माणसाला काही नाही. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ओआरएसच्या दुपटीहून जास्त, आणि जुलाबात जे खरं जातं ते सोडियम त्यात अगदी कमी. किडनी बंद, वर टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवणारं, आणि त्यात शहाळी. पोटॅशियम ५ च्या आत असायला हवं, साडेसहाच्या आसपास गेलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या आधी ईसीजी काढला, मग कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन, मग इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर ग्लुकोज. आमच्या आत्याबाई बाहेर चिडल्या, "शुगर आत्ताच पडली होती आणि इन्सुलिन काय देताय, साखर काय देताय, ठरवा एकदा!" त्यांना सांगत बसले की आत्या, हे शुगरसाठी नाही, इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, आणि साखर पडू नये म्हणून ग्लुकोज. पटलं नाही त्यांना. कुणालाही पटणार नाही त्या वेळी.

आणि मग नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, बाहेर येऊन म्हणाले, डायलिसिस लागू शकतं, मानेतून लाईन टाकावी लागेल, सही करा.

इथे आमच्या घरात जे झालं ते मला वाटतं महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात होतं. दीर म्हणाले नको. आत्याबाई म्हणाल्या अजिबात नको. कारण काय, "एकदा डायलिसिस लागलं की कायमचं लागतं." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की ते कुठल्या पोथीत लिहिलंय का असं वाटायला लागलंय. लोक दोन दिवस, चार दिवस सही लांबवतात, काढा आणतात, कुणी कुठली भस्मं आणतं, ज्यात कधीकधी शिसं-पारासुद्धा निघतो. उलट आहे हो सगळं. ज्याची किडनी वर्षानुवर्षं झिजून संपली त्याला डायलिसिस कायमचं लागतं, ते किडनी संपली म्हणून, डायलिसिस केलं म्हणून नाही. अचानक बसलेल्या किडनीला बऱ्याचदा फक्त थोडा वेळ हवा असतो, आतल्या नळ्यांच्या पेशी परत उगवतात, दिवस ते आठवडे लागतात, तोपर्यंत मशीन गाडा ओढतं.

मी त्या रात्री दिरांना कोल्फची गोष्ट सांगितली, कॉलेजात ऐकलेली. विलेम कोल्फ नावाचा डच डॉक्टर, १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या छोट्या गावात, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी ड्रमला गुंडाळून त्याने डायलिसिसचं मशीन बनवलं. सुरुवातीचे पेशंट जवळजवळ सगळे गेले. १९४५ मध्ये जी पहिली बाई वाचली, सदुसष्ट वर्षांची, तिला हाच आजार होता, अचानक बंद पडलेली किडनी. बेशुद्ध होती, मशीनवर शुद्धीवर आली, किडनी परत सुरू झाली, पुढे काही वर्षं जगली आणि गेली ती वेगळ्याच आजाराने. म्हणजे डायलिसिस नावाची गोष्ट ज्या माणसावर पहिल्यांदा यशस्वी झाली त्या माणसाला ते कायमचं लागलंच नव्हतं. दिरांनी ऐकलं, काही बोलले नाहीत, सही केली. पैशाची काळजी होती तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटलो, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड-आधार तेवढं जवळ ठेवा.

अण्णांना एक-दोन वेळाच करावं लागलं. मग लघवी वाढायला लागली, एवढी की युरोबॅग भरून वाहायची, आणि आम्ही सगळे त्या पिशवीकडे असे बघत होतो जसं काही लॉटरीचा निकाल. क्रिएटिनिन रोज थोडं थोडं उतरलं. १.६ ला येऊन थांबलं. १.३ परत आलं नाही. हेही सांगायला पाहिजे, कारण "बरा झाला" म्हणून लोक विसरून जातात. एकदा असा झटका बसला की पुढे किडनीचा जुनाट आजार व्हायची शक्यता वाढते, म्हणून तीन महिन्यांनी परत क्रिएटिनिन आणि लघवीची ॲल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी, ज्याला एसीआर म्हणतात, ती करायचीच. ३० च्या वर आली तर गाळणी गळतीय. ही तपासणी शुगरवाल्याने तशीही वर्षातून एकदा करायला हवी, आणि आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणांनी नावही ऐकलेलं नसतं, मात्र शंभर रुपयांची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ऑफर कुठे आहे ते बरोबर माहिती असतं. सोनोग्राफीत किडनीचा आकार चांगला आला म्हणूनही निवांत होऊ नका, शुगरमध्ये आजार बराच पुढे गेला तरी किडनी आकाराने नॉर्मल दिसू शकते.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी एक कागद दिला, त्याला ते सिक डे नियम म्हणाले. असा कागद असतो हे मला फार्मसी शिकूनही कुणी धड सांगितलं नव्हतं, पुस्तकात एक ओळ असेल नसेल. जुलाब-उलट्या, कडक ताप, अन्नपाणी जात नाही, असा दिवस आला की कोणत्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या ते त्यात लिहिलेलं. साधारण त्या अशा असतात: मेटफॉर्मिन (ती किडनी बिघडवत नाही, पण किडनी बसली तर अंगात साठून लॅक्टिक ॲसिड वाढवू शकते), डापा-एम्पा, पाणी काढणारी, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलच्या जातीची, आणि दुखण्याची गोळी तर नाहीच नाही. ग्लिमेपिराइड न जेवता घेऊ नका. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही, डोस विचारून कमी-जास्त करायचा आणि शुगर चार-चार तासांनी बघायची. हा कागद प्रत्येकाचा वेगळा असतो, हार्टवाल्याचा तर फारच वेगळा, म्हणून माझ्यावर विसंबू नका, तब्येत चांगली असताना आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा, त्याच्याच शेजारी शेवटच्या क्रिएटिनिनचा फोटो. आजारी पडल्यावर डॉक्टर फोन उचलतीलच असं नाही.

ओआरएसला शुगरवाले घाबरतात, "त्यात साखर असते ना." असते. एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एका ग्लासात पावणेतीन ग्रॅम, दोन मारी बिस्किटांतल्या पिठा-साखरेतून याहून जास्त पडतं. आणि ते गोडीसाठी नाहीच, आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज हात धरून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे जातं, ग्लुकोज काढलं तर पाणी आत घेणार कोण? गंमत म्हणजे डापा गोळी किडनीतल्या ज्या दाराला अडवते ते याच दाराचं भावंड. फक्त पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, फळांच्या चवीचे टेट्रापॅक त्यातले नव्हेत, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, तशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायलाच मनाई केली ती काही उगाच नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी विचारूनच.

आणि गुडघा? दुखणं खोटं नसतं, मला माहितीय. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये, लावायचं जेल (ते रक्तात फार कमी जातं), शेक, मांडीचे व्यायाम. "पॅरासिटामॉलने काय होतंय ताई" हे मी रोज ऐकते. काही प्रमाणात खरंही आहे, डायक्लोफिनॅकएवढं नाहीच होत.

आता दुकानात वारीच्या आधी आम्ही नेहमीच्या शुगरवाल्यांना विचारतोच, कागद आहे का? त्यातही नवीन भानगड निघते. मध्ये एक काका आले, बीपी १८० च्या वर, डोकं धरलेलं. विचारलं गोळी चालू आहे ना, तर म्हणाले, "बंद केलीय की, तुम्हीच सांगितलेलं जुलाबात घेऊ नका." अहो काका, जुलाब कधी झाले होते? "झाले होते की, मागच्या महिन्यात." नीट जेवणपाणी सुरू झालं की एक-दोन दिवसांत, डॉक्टरांना विचारून, गोळ्या परत चालू करायच्या असतात, हे कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. काकांनी चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाले, "मग वरती लिहा ना हे."